लिचला कायमचे कोंडता येते का? इम्प्रिझनमेंट मंत्र आणि सुटकेची अट

प्रश्न: तळघराचा_पहारेकरी

नमस्कार. आमच्या गटाची 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची मोहीम आता शेवटच्या टप्प्यात आली असून मी तिचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि नियमांचा निर्णय देणारा, आहे. आम्ही पाचव्या आवृत्तीचे २०१४ सालचे नियम वापरतो. खेळाडूंची पात्रे नुकतीच १७व्या लेव्हलला पोहोचली आणि त्यामुळे गटातील विझर्डच्या (जादूगाराच्या) हाती नवव्या लेव्हलचा पहिलावहिला स्लॉट, म्हणजे त्या लेव्हलचा मंत्र टाकण्याची मुभा, आली आहे. मोहिमेतील मुख्य शत्रू एक लिच, म्हणजे मरणानंतरही जादूने टिकून राहिलेला जादूगार, आहे. त्याची फिलॅक्टरी (त्याचा आत्मा जपणारी वस्तू) कुठे दडवलेली आहे याचा थांगपत्ता खेळाडूंना अजून लागलेला नाही, आणि ती हाती नसताना लिचला ठार मारण्यात काहीच अर्थ नाही हे त्यांना पुरते कळून चुकले आहे, कारण तो १ ते १० दिवसांत फिलॅक्टरीच्या शेजारी नवे शरीर घेऊन पुन्हा उभा राहतो. म्हणून विझर्ड खेळणाऱ्या खेळाडूने असे ठरवले आहे की लिचला मारायचेच नाही, त्याला इम्प्रिझनमेंट मंत्राने कोंडून ठेवायचे.

कल्पना मला मनापासून आवडली. अडचण आली ती सुटकेच्या अटीपाशी. मंत्र टाकतानाच तो कधी संपेल याची अट सांगता येते आणि ती वाजवी आहे व प्रत्यक्षात येण्याची शक्यता आहे हे डीएमला मान्य असावे लागते. खेळाडूने पहिली अट सुचवली ती अशी: "समुद्राचे सगळे पाणी गोड होईल तेव्हा." ती मी अर्थातच नाकारली. त्यावर त्याने दुसरी अट मांडली: "ज्या राणीचे राज्य या लिचने बुडवले ती राणी त्याला मनापासून क्षमा करेल तेव्हा." ही अट ऐकायला सुंदर आहे, परंतु ती नियमात बसते की नाही हे मला ठरवता येत नाही. मुळात 'वाजवी' या शब्दाची मर्यादा डीएमने कुठे आखावी? शिवाय मंत्राचे पाच प्रकार आहेत, त्यांपैकी लिचसाठी कोणता योग्य ठरेल यावरही जाणकारांनी मत द्यावे. खेळाडूचा कल बरिअलकडे, म्हणजे जमिनीच्या पोटात खोलवर जादुई गोलात पुरून टाकण्याकडे आहे.

उत्तर: चर्मपत्र

अटीकडे मी नंतर येतो, कारण त्याआधी प्रकार निवडण्यातच आपल्या खेळाडूची मोठी फसगत होण्याची शक्यता मला दिसते.

पाचव्या आवृत्तीतल्या या मंत्राचे वर्णन नीट वाचले तर असे लक्षात येते की बंदिवानाला श्वासाची, अन्नाची वा पाण्याची गरज उरत नाही, त्याचे वय वाढत नाही आणि भविष्यदर्शनाच्या मंत्रांनी त्याचा ठावठिकाणा कळत नाही. तो बेशुद्ध असतो असे मात्र कुठेही म्हटलेले नाही. पाच प्रकारांपैकी केवळ स्लंबरमध्ये तो झोपतो. बरिअलमध्ये गोलाच्या आत, हेज्ड प्रिझनमध्ये छोट्याशा स्वतंत्र मितीत, मिनिमस कंटेनमेंटमध्ये एक इंच उंचीचा होऊन रत्नाच्या आत आणि चेनिंगमध्ये साखळदंडांत तो पूर्णपणे जागा असतो, त्याची वाचा शाबूत असते आणि त्याचे मंत्रही शाबूत असतात. चेनिंगमध्ये तो 'रिस्ट्रेन्ड' होतो, पण त्या स्थितीच्या नियमात मंत्र टाकण्यावर कोणतीही बंदी नाही.

आता हा मंत्र मोडण्याचा मार्ग पाहा. डिस्पेल मॅजिक (इतर मंत्र मोडणारा मंत्र) नवव्या लेव्हलच्या स्लॉटने टाकले आणि त्याचा रोख त्या तुरुंगावर किंवा तुरुंग घडवताना वापरलेल्या खास वस्तूवर ठेवला, तर मंत्र संपतो. 'मॉन्स्टर मॅन्युअल' या खेळातील राक्षसांच्या ग्रंथातल्या लिचचा मंत्रसंच १८व्या लेव्हलच्या विझर्डचा आहे. त्याने तयार ठेवलेल्या तिसऱ्या लेव्हलच्या मंत्रांत डिस्पेल मॅजिक आहेच, आणि नवव्या लेव्हलचा एक स्लॉटही त्याच्याकडे आहे. डिस्पेल मॅजिकला फक्त उच्चार आणि हातवारे लागतात, कोणतेही साहित्य लागत नाही. थोडक्यात, आपल्या विझर्डने त्याला गोलात पुरले की लिच शांतपणे समोरच्या गोलावर डिस्पेल मॅजिक टाकेल. लढाईत त्याने तो स्लॉट पॉवर वर्ड किल या मारक मंत्रासाठी खर्च केला असेल, तर स्लॉट परत मिळवून देणाऱ्या एका दीर्घ विश्रांतीपुरता उशीर होईल इतकेच.

'आतून तुरुंगावर मंत्र टाकता येत नाही' असा निर्णय डीएम देऊ शकतो, परंतु मंत्राच्या शब्दांत त्याला आधार सापडत नाही. गोलातून आरपार काही जाऊ शकत नाही हे खरे आहे, पण येथे काहीच आरपार जात नाही, कारण गोल हेच लक्ष्य आहे. हेज्ड प्रिझनबाबत मात्र मी थोडा साशंक आहे. सबंध मिती हाच तुरुंग असताना तिच्या आत उभे राहून तिच्यावर मंत्र टाकणे म्हणजे नेमके कशावर टाकणे, हा प्रश्न उरतो.

एक गंमतीची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. या मंत्राची लिचला आपल्या खेळाडूंपेक्षा कितीतरी जास्त सवय असते. त्याच ग्रंथातील वर्णनानुसार लिच आपल्या फिलॅक्टरीला आत्मे भरवतो ते इम्प्रिझनमेंट मंत्रानेच. नेहमीचे पाच प्रकार बाजूला ठेवून तो सावजाचे शरीर आणि आत्मा दोन्ही थेट फिलॅक्टरीत कोंडतो, आणि २४ तासांनी त्या सावजाचे काहीही शिल्लक राहत नाही. ज्याने हा मंत्र शेकडो वर्षे वापरला आहे त्याला त्यातील पळवाटा ठाऊक नसतील असे मानणे मला पटत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: लिचसाठी स्लंबर, आणि केवळ स्लंबर. जो झोपला आहे तो डिस्पेल मॅजिक टाकू शकत नाही.

उत्तर: अर्धा_फासा

चर्मपत्र यांचे विवेचन अचूक आहे, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष अर्धाच राहिला आहे असे मला वाटते. स्लंबरमध्ये बंदिवान झोपतो खरा, पण त्याच्या शरीराला संरक्षण कोण देते? कोणीच नाही. बरिअलमध्ये गोल असतो आणि मिनिमस कंटेनमेंटमध्ये न फुटणारे रत्न असते. स्लंबरमध्ये जमिनीवर पडलेला एक देह असतो, आणि त्या देहावर तलवार चालते. लिचचा एखादा निष्ठावान सेवक तेथे पोहोचला तर त्याला नवव्या लेव्हलच्या मंत्राची अजिबात गरज नाही. आपल्या धन्याचा गळा चिरणे पुरेसे आहे. देह नष्ट झाला की पुनर्जन्माचा नियम लागू होतो आणि त्या नियमात 'पुन्हा सक्रिय होतो' असे शब्द आहेत. झोप जुन्या देहाबरोबर गेली.

हेच तर्कट उलट बाजूनेही चालवता येते आणि ते अधिक भीतिदायक आहे. जागा असलेला लिच नवव्या लेव्हलच्या स्लॉटची वाट तरी का पाहील? १३५ हिट पॉइंट्सचा, म्हणजे तेवढी इजा सोसू शकणारा, हा प्राणी लढाईनंतर कोंडला जातो, तेव्हा त्यातले किती उरलेले असतील? अंगाभोवती जेमतेम मावणाऱ्या गोलात त्याने स्वतःवरच फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकायला सुरुवात केली, तर काही फेऱ्यांत तो नष्ट होईल आणि फिलॅक्टरीपासून पाच फुटांच्या आत नव्या देहाने प्रकट होईल. ज्याला मरणाची भीती नाही, त्याला कोंडणे हे या खेळातले सर्वांत अवघड काम आहे.

आपण डीएम म्हणून येथे हस्तक्षेप करू शकता. बरिअलच्या गोलातून 'काहीही' आरपार जाऊ शकत नाही, यात आत्माही आला, असा अर्थ लावता येईल आणि मला तो अर्थ न्याय्य वाटतो, कारण एवढा महाग मंत्र एका फायरबॉलपुढे निष्प्रभ ठरणे खेळाच्या आनंदाला मारक आहे. मात्र हा निर्णय मंत्र टाकण्याआधी खेळाडूंना सांगायला हवा. त्यांच्या पात्रांना तो ठाऊक असणेही स्वाभाविक आहे, कारण १७व्या लेव्हलच्या विझर्डने या मंत्राचा अभ्यास केल्याशिवाय तो आपल्या वहीत उतरवलेला नसणार.

आता अटीविषयी. शापाला उःशाप असतोच, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अहल्येच्या कथेत शिळा होण्याइतकेच महत्त्व रामाच्या पावलाला आहे, किंबहुना ते पाऊल नसते तर ती कथा कोणी सांगितलीच नसती. या मंत्राची अट मी त्याच नजरेने पाहतो. अट म्हणजे तुरुंगाला राहिलेली फट, अशा भावनेने खेळाडू तिच्याकडे पाहतात आणि ती जमेल तितकी बुजवायला निघतात; समुद्र गोड करण्याची कल्पना त्यातूनच येते. वास्तविक मोहिमेचा पुढचा भाग तेथूनच सुरू होणार असतो.

नियमाची चौकट अशी आहे. अट हवी तितकी नेमकी किंवा गुंतागुंतीची असू शकते. एखाद्याचे नाव, ओळख किंवा त्याचे दैवत यांवर ती आधारता येते. याखेरीज ती दिसू शकणाऱ्या कृतींवर किंवा गुणांवर आधारलेली असावी लागते. लेव्हल, क्लास (पात्राचा पेशा), हिट पॉइंट्स अशा अदृश्य गोष्टी तिच्यात चालत नाहीत. आपल्या खेळाडूची राणीची अट या चौकटीत जवळजवळ बसते. राणी ही ओळख आहे, ते चालते. अडते ते 'मनापासून' या शब्दापाशी. मनातली क्षमा कोणाला दिसत नाही. तीच अट "राणी लिचसमोर उभी राहून त्याचे खरे नाव घेऊन क्षमेचे शब्द उच्चारेल तेव्हा" अशी केली की ती दिसणारी कृती होते. पण मग दुसरी अडचण उद्भवते: लिच जमिनीखाली पुरलेला असेल आणि कोणत्याही मंत्राने सापडत नसेल, तर राणी त्याच्यासमोर उभी राहणार कशी? अट आणि तुरुंगाचा प्रकार एकमेकांना छेद देत असतील तर ती अट माझ्या मते वाजवी नाही, मग तिचे शब्द कितीही सुंदर असोत. राणीने आपल्या जुन्या राजधानीच्या वेशीवर ते शब्द उच्चारावेत असे ठेवले, तर सगळेच सुटते.

'वाजवी'ची मर्यादा आखण्यासाठी आपण २०२४ च्या सुधारित नियमांतील एक वाक्य उसने घ्यावे असे मी सुचवेन. तेथे अट पुढील दहा वर्षांत घडण्याची दाट शक्यता डीएमला दिसली पाहिजे असे म्हटले आहे. जुन्या नियमांतले 'शक्यता आहे' हे शब्द फार सैल होते, त्यामुळे टेबलावर वाद व्हायचे. दहा वर्षे म्हटल्यावर वाद करायला फारशी जागा उरत नाही.

माझ्या अनुभवात सर्वांत चांगल्या अटी त्या असतात, ज्या पूर्ण व्हाव्यात असे पात्रांना स्वतःलाच वाटत असते. समजा लिचने एक देवालय जाळले आहे आणि गटातील क्लेरिक (देवतेची उपासक असलेले पात्र) त्याच देवतेची आहे. "त्या देवालयात पुन्हा पहिला दिवा लागेल तेव्हा" अशी अट ठेवा. ती दिसणारी आहे, दैवताशी जोडलेली आहे आणि दहा वर्षांत घडण्यासारखीही आहे. आता क्लेरिकला देवालय उभारायचे तर आहे, पण गाभाऱ्यात दिवा लावायचा नाही. असा पेच खलनायकाच्या तोंडी कितीही संवाद घालून निर्माण करता येत नाही.

उत्तर: रिकामी_थैली

पैशांचा विचार कोणी केलेला दिसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. २०१४ च्या नियमांप्रमाणे बंदिवानाचे चर्मपत्रावरील चित्र किंवा कोरलेली मूर्ती लागते आणि त्याशिवाय प्रकारानुसार एक खास वस्तू लागते, जिचे मूल्य बंदिवानाच्या दर हिट डायमागे (त्याचे हिट पॉइंट्स ठरवणाऱ्या दर फाशामागे) किमान ५०० सुवर्णनाणी असावे लागते. लिचचे १८ हिट डाय आहेत, म्हणजे ९,००० नाणी. बरिअलसाठी मिथ्रलचा छोटा गोळा, चेनिंगसाठी मौल्यवान धातूची नाजूक साखळी, हेज्ड प्रिझनसाठी जेड दगडातील तुरुंगाची प्रतिकृती, मिनिमस कंटेनमेंटसाठी मोठे पारदर्शक रत्न आणि स्लंबरसाठी गुंगी आणणाऱ्या दुर्मिळ वनस्पती. ९,००० नाण्यांच्या वनस्पती कोठून गोळा करणार, हा आपल्या मोहिमेतला एक वेगळा अध्यायच होऊ शकेल.

ही वस्तू मंत्रात खर्च होते असे वर्णनात म्हटलेले नाही, आणि खरा धोका तेथेच आहे. डिस्पेल मॅजिकचा रोख या वस्तूवरही ठेवता येतो. इतकेच नव्हे, तर तीच वस्तू वापरून मंत्र पुन्हा टाकला की पहिला बंदिवान तत्क्षणी मोकळा होतो. वस्तू सांभाळणे म्हणजे तुरुंग सांभाळणे. वस्तू नुसती मोडली किंवा जळाली तर काय होते, याबद्दल नियम मौन बाळगतात. माझ्या टेबलावर मी त्याने मंत्र मोडू देत नाही.

प्रश्नकर्ता: तळघराचा_पहारेकरी

सर्वांचे आभार. लिच स्वतःलाच जाळून घेऊन निसटेल हा विचार माझ्या स्वप्नातही आला नव्हता. आता आणखी दोन शंका आहेत. पहिली म्हणजे मंत्र टाकायला एक मिनिट लागते, म्हणजे लढाईच्या दहा फेऱ्या. तोवर लिच ३० फुटांच्या आत गप्प उभा राहणार नाही हे उघड आहे. दुसरी म्हणजे त्याच्याकडे दिवसातून तीनदा वापरता येणारा लेजंडरी रेझिस्टन्स आहे. सेव्ह (मंत्रापासून वाचण्यासाठी टाकायचा फासा) फसला तरी तो 'यशस्वी झालो' म्हणू शकतो. मग हा बेत मुळातच अशक्य आहे का?

उत्तर: चर्मपत्र

अर्धा_फासा यांचा आक्षेप मी मान्य करतो. स्लंबरला पहारा लागतोच. त्यावरचा उपाय शेवटी सांगतो, आधी आपल्या शंका.

बेत अशक्य नाही, पण संधी एकच मिळेल. बंदिवानाचा विझ्डम सेव्ह यशस्वी झाला, तर त्याच विझर्डने पुन्हा टाकलेल्या या मंत्राचा त्याच्यावर कधीही परिणाम होत नाही. २०२४ च्या नियमांत ही मुभा २४ तासांपुरती आहे, आपल्या नियमांत ती कायमची आहे. इंटेलिजन्स २० असलेल्या १७व्या लेव्हलच्या विझर्डचा सेव्ह डीसी, म्हणजे वाचण्यासाठी शत्रूने गाठायचा आकडा, १९ येतो. लिचचा विझ्डम सेव्ह अधिक ९ आहे, तेवढे त्याच्या फाशात मिळवायचे. म्हणजे २० बाजूंच्या फाशावर १० किंवा त्याहून जास्त पडले की तो सुटला. शंभरात ५५ वेळा असेच होईल. सुदैवाने २०१४ च्या लिचकडे मॅजिक रेझिस्टन्स नाही, त्यामुळे त्याला फासा दोनदा टाकायला मिळत नाही. उलट आपल्या गटातील दुसऱ्या कोणी आधी बिस्टो कर्स टाकून त्याच्या विझ्डमच्या सेव्हवर डिसअॅडव्हांटेज (फासा दोनदा टाकून कमी आकडा घेणे) आणला, तर तो सुटण्याची शक्यता ५५ वरून सुमारे ३० टक्क्यांवर येते. तो कर्स पाचव्या किंवा वरच्या लेव्हलच्या स्लॉटने टाकावा, म्हणजे त्यासाठी कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला लागणारी एकाग्रता) लागत नाही. इम्प्रिझनमेंट टाकणाऱ्या विझर्डचे कॉन्सन्ट्रेशन मात्र ते सबंध मिनिट मंत्रातच अडकलेले असते आणि प्रत्येक फेरीतली अॅक्शनही त्यातच जाते. मध्येच कॉन्सन्ट्रेशन तुटले तर मंत्र फसतो, पण स्लॉट वाया जात नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

त्या एका मिनिटाचे कोडे सोडवायला एक साधा नियम पुरतो, जो उच्च लेव्हलच्या खेळात सगळे विसरतात. जवळून केलेल्या हल्ल्याने शत्रूचे हिट पॉइंट्स शून्यावर आले, तर हल्ला करणारा त्याला ठार न करता बेशुद्ध करू शकतो. शत्रू स्थिर अवस्थेत बेशुद्ध पडतो आणि साधारणतः १ ते ४ तास तसाच राहतो. लिचवर शेवटचा घाव गटातील फायटरने घालावा आणि 'मारत नाही, बेशुद्ध करतो' असे स्पष्ट सांगावे. मग विझर्डला एक मिनिट काय, एक तास मिळेल. बेशुद्ध प्राण्याचे स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटीचे सेव्ह आपोआप फसतात, विझ्डमचा मात्र फसत नाही, तो टाकावाच लागतो.

लेजंडरी रेझिस्टन्सबाबत माझा सल्ला असा की त्या तिन्ही संधी लढाईतच संपवून घ्याव्यात. बेशुद्ध असताना लिच तो वापरू शकतो का, हे नियमात स्पष्ट नाही. तो 'निवडतो' असे शब्द आहेत, आणि बेशुद्ध माणूस निवड कशी करेल असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. तरीही मी डीएम असतो तर वापरू दिला असता. खेळाडूंनी त्या तीन संधी घालवण्यासाठी घाम गाळला पाहिजे.

आता पहाऱ्याचा उपाय. स्लंबरमधला देह हलवता येतो. चेनिंगमधला हलवता येत नाही, तेथे तर 'कोणत्याही मार्गाने' असे शब्द आहेत. तेव्हा झोपलेल्या लिचला उचलून आठव्या लेव्हलच्या डेमीप्लेन मंत्राने तयार होणाऱ्या खोलीत ठेवावे. प्रत्येक बाजूने ३० फुटांची ती खोली असते, तिचे दार तासाभराने नाहीसे होते आणि आतल्या वस्तू आतच राहतात. दुसऱ्या कोणाला ते दार उघडायचे असेल तर त्याला त्या खोलीचे स्वरूप आणि आत काय आहे हे ठाऊक असावे लागते. त्या वनस्पतींची पुडीही तेथेच ठेवावी. मग सेवकाला गळा सापडत नाही आणि शत्रूच्या विझर्डला पुडीही सापडत नाही. १७व्या लेव्हलच्या विझर्डकडे आठव्या लेव्हलचा एक स्लॉट असतोच, त्यामुळे दोन्ही कामे एकाच दिवशी उरकतात.

उत्तर: जुनी_वही

येथे मागील आवृत्त्यांचा उल्लेख उपयोगी पडेल. हा मंत्र १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'पासून खेळात आहे, आणि २००३ च्या साडेतीन आवृत्तीपर्यंतही त्याला अट नावाची गोष्ट नव्हती. त्या आवृत्तीत स्पर्श करायचा, विल सेव्ह फसला की शत्रू जमिनीखाली गाडला जायचा, तोही निश्चेष्ट अवस्थेत, त्यामुळे आतून मंत्र टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. शत्रूचे नाव आणि त्याच्या आयुष्याविषयी काही गोष्टी ठाऊक असतील तर त्याच्या सेव्हवर उणे ४ लागायचे. सुटकेसाठी फ्रीडम हा नवव्या लेव्हलचाच मंत्र त्याच ठिकाणी जाऊन टाकावा लागे. विश किंवा मिरॅकल या अतिशक्तिशाली मंत्रांनीही बंदिवान सुटत नसे. तो कुठे आहे एवढेच कळे. साखळदंड, झोप, रत्न हे प्रकार आणि सुटकेची अट या गोष्टी त्या काळी बाइंडिंग नावाच्या आठव्या लेव्हलच्या वेगळ्या मंत्रात होत्या. पाचव्या आवृत्तीने दोन्ही एकत्र केले, आणि असे करताना बरिअलमधली निश्चेष्टता गळून पडली.

म्हणून बरिअल निवडणाऱ्या खेळाडूला आपण ती जुनी निश्चेष्टता परत देऊ शकता. हा घरचा नियम होईल, पण त्याला परंपरेचा आधार आहे. तसे केले तर डिस्पेल मॅजिक आणि फायरबॉल या दोन्ही पळवाटा एकदम बंद होतात आणि आपल्या खेळाडूचा मूळ बेत जसाच्या तसा उभा राहतो.

मला स्वतःला मात्र एक वेगळाच प्रश्न जास्त रोचक वाटतो. कोंडलेला लिच फिलॅक्टरीला आत्मे भरवू शकत नाही. आत्मे मिळाले नाहीत तर लिचचे शरीर हळूहळू विदीर्ण होते आणि कालांतराने तो डेमीलिच, म्हणजे लिचचा क्षीण अवशेष, होऊ शकतो. मंत्र वय वाढू देत नाही, पण हा ऱ्हास वयाचा आहे की उपासमारीचा? उपासमारीचा मानला तर मंत्राने अन्नाची गरज संपवली आहे, मग आत्म्यांचीही संपवली का? याचे उत्तर आपल्या मोहिमेच्या पुढच्या पर्वावर अवलंबून राहील.

प्रश्नकर्ता: तळघराचा_पहारेकरी

खेळाडूशी बोललो. जुनी_वही यांची सूचना त्याला सांगितली, पण त्याने नम्रपणे नाकारली. घरच्या नियमाच्या उपकारावर लिचला कोंडायचे नाही असे त्याचे म्हणणे पडले. तो स्लंबर आणि डेमीप्लेन यांवर ठाम आहे. अट राणीचीच राहील: जुन्या राजधानीच्या वेशीवर उभी राहून तिने लिचचे खरे नाव घ्यायचे आणि क्षमेचे शब्द उच्चारायचे. राणी वृद्ध आहे, तिच्या हाती दहा वर्षे असतील असे मी गृहीत धरले आहे. फिलॅक्टरीच्या प्रश्नावर मी असे ठरवले आहे की आत्म्यांची भूक मंत्राने थांबत नाही.

एकच गोष्ट उरली. अट सांगताना विझर्ड ती मोठ्याने बोलतो का? म्हणजे लिचच्या सेवकांपैकी कोणी आडोशाला असेल तर त्याला ती ऐकू जाईल का?

उत्तर: अर्धा_फासा

मंत्राला उच्चार लागतो, परंतु अट त्या उच्चारातच असते असे नियम सांगत नाहीत. ती 'ठरवायची' असते, एवढेच. मी अट ऐकू येऊ देतो, कारण ती कोणालाच ठाऊक नसेल तर राणीपर्यंत पोहोचून तिला वेशीवर नेण्याचा प्रयत्न कोणी करणारच नाही. सेवक आडोशाला होता की नाही हे खेळाडूंना लगेच सांगू नका. विझर्डने मंत्राआधी आजूबाजूची जागा तपासली का, हे मात्र त्याला आधीच विचारून वहीत नोंदवून ठेवा, म्हणजे पुढे वाद होणार नाही.

राणी दहा वर्षांच्या आत वारली तर काय, हेही आताच ठरवून टाका. व्यक्तीच्या ओळखीवर आधारलेली अट त्या व्यक्तीबरोबर संपते असा अर्थ घेतला, तर लिचच्या सेवकांना राणी जिवंत हवी आणि आपल्या खेळाडूंपैकी निदान एकाला तरी ती लवकर जावी असे वाटू लागेल. आपल्या गटात रोग (Rogue, म्हणजे चोरटे, छुपे घाव घालणारे पात्र) खेळणारा कोण आहे ते मला ठाऊक नाही, पण त्याच्याकडे लक्ष ठेवा.